ती 'भाजतंय' म्हणाली होती

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत आपण चेहऱ्याची सैल पडलेली त्वचा रेडिओफ्रीक्वेन्सीच्या मशीनने घट्ट करण्याच्या उपचारावर अर्धं पान लेख दिला होता. सुई नाही, टाके नाहीत, करून लगेच कामावर जाता येतं, असं त्यात लिहिलं आहे. ते बहुतेक खरं आहे. पण शेवटी या उपचारात कसलाच धोका नसल्याचं एक वाक्य आहे आणि त्याच पानाच्या तळाशी एका ब्यूटी क्लिनिकची जाहिरात आहे. ते वाक्य वाचल्यावर मला पुढचं पान उलटवेना. हे पत्र त्या एका वाक्याबद्दल आहे. लांबलं तर कापा, पण भाजण्याबद्दल आणि पेसमेकरबद्दल जे लिहिते आहे ते कृपा करून ठेवा.

मी निवृत्त परिचारिका. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सरकारी रुग्णालयात ३३ वर्षं नोकरी केली, त्यातली २४ ऑपरेशन थिएटरमध्ये. थिएटरमध्ये कॉटरीचं मशीन असतं. सर्जन पेनसारख्या दांडीच्या टोकाने रक्तवाहिनी जाळून बंद करतात, ते मशीन. रुग्णाला भूल दिली की, वरून कपडे झाकण्याआधी एक काम आमच्याकडे असायचं, ते म्हणजे कॉटरीची प्लेट लावणं. सुरुवातीच्या काळात ती स्टीलची असायची. तिला जेली फासायची किंवा ओलं गॉज गुंडाळायचं आणि मांडीखाली किंवा कुल्ल्याखाली, जिथे मांस भरपूर आहे तिथे, सपाट बसवायची. हाडावर लावायची नाही, जुन्या व्रणावर नाही, केसाळ जागेवर नाही. पुढे चिकटणारी पॅड आली, पण नियम तेच राहिले. बाईरुग्ण असली की बांगड्या, मंगळसूत्र, जोडवी, चमकी सगळं काढून नातेवाइकांच्या हातात मोजून द्यायचं. पहिला छेद घेण्याआधी सर्जन विचारायचे, "सिस्टर, प्लेट?" आणि मी "लावली सर" म्हणेपर्यंत त्यांचा पाय पॅडलवर जात नसे.

एवढी काळजी कशासाठी, तेही सांगते, कारण चेहऱ्याच्या मशीनची गोष्ट इथेच सुरू होते. कॉटरीच्या टोकातून जेवढी वीज शरीरात जाते तेवढीच प्लेटमधून बाहेर पडते. टोक तांदळाच्या दाण्याएवढं, म्हणून तिथे पेशी जळतात. प्लेट तळहातापेक्षा मोठी, म्हणून तीच वीज पसरते आणि कातडी नुसती कोमट होते. आता समजा जेली सुकली, प्लेट एका बाजूने उचलली गेली आणि रुपयाएवढाच भाग चिकटून राहिला. मग तीच सगळी वीज त्या रुपयातून जाणार. मी असा चट्टा एकदा डोळ्यांनी पाहिला आहे. हर्नियाचं ऑपरेशन झालेले एक वयस्क शेतकरी होते. पोटावरची जखम पंधरवड्यात भरली, मांडीवरची भरायला तीन महिने लागले. त्यांना भूल दिलेली होती, ते 'भाजतंय' म्हणू शकत नव्हते. त्यांच्या वतीने बघायला आम्ही होतो आणि आमच्याकडून चूक झाली. त्या दिवसापासून ऑपरेशन संपलं की मी सर्वांत आधी प्लेटखालची कातडी बघायची, मग बाकीचं.

चेहरा घट्ट करणारी रेडिओफ्रीक्वेन्सी म्हणजे याच घराण्यातली वीज. घरातल्या बटणाची वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते आणि तिचा शॉक बसतो. आवर्तनं सेकंदाला लाखाच्या वर गेली की नसा आणि स्नायू त्या विजेला दाद देत नाहीत. शॉक बसत नाही, पण मांस तिच्या वाटेत अडथळा करतं आणि त्या अडथळ्यातून उष्णता तयार होते. थिएटरमधली कॉटरी साधारण तीन ते पाच लाख आवर्तनांवर चालते. चेहऱ्याची बहुतेक मशीन तीन लाखांपासून एक कोटीपर्यंतच्या पट्ट्यात येतात. बोस्टनच्या रुग्णालयात १ ऑक्टोबर १९२६ रोजी मेंदूचे सर्जन हार्वे कुशिंग यांनी विल्यम बोवी या शास्त्रज्ञाचं मशीन पहिल्यांदा वापरून, आधी रक्तस्रावामुळे अर्धवट सोडावं लागलेलं ऑपरेशन पूर्ण केलं. त्या नावावरून आमचे जुने सर्जन कॉटरीला 'बोवी' म्हणत. चेहऱ्यासाठी हीच वीज फार उशिरा आली. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणाऱ्या सरकारी खात्याने, थर्माज नावाच्या मशीनला २००२ मध्ये डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्यांसाठी आणि २००४ मध्ये पूर्ण चेहऱ्यासाठी परवानगी दिली. ते मशीन सेकंदाला ६७ लाख ८० हजार आवर्तनांवर चालतं आणि त्याची परतीची पॅड रुग्णाच्या पाठीला लावावी लागते, अगदी आमच्या प्लेटसारखी. काही मशीनमध्ये विजेची दोन्ही टोकं एकाच दांडीत असतात. त्यांना वेगळी पॅड लागत नाही, पण त्यांची उष्णता खोलवरही जात नाही. दोन टोकांत जेवढं अंतर, त्याच्या साधारण निम्म्या खोलीपर्यंत.

आता ही उष्णता करते काय? कातडीच्या वरच्या पापुद्र्याखाली कोलॅजनचे धागे असतात. तीन पेडांची वेणी घालावी तसा एकेक धागा वळलेला असतो. ६० ते ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास ती वेणी उसवते आणि धागा आखडतो, उकळत्या पाण्यात लोकरीचा स्वेटर आटावा तसा. त्यानंतर शरीर ही बारीकशी इजा समजून दुरुस्ती करतं आणि नवं कोलॅजन घालतं. हे दुरुस्तीचं काम तीन ते सहा महिने चालतं. कातडीच्या आत एवढी उष्णता आणि वरचा पापुद्रा मात्र गार ठेवायचा, सगळी कसरत इथेच आहे. चांगल्या मशीनच्या टोकातून गार वायूचा फवारा येतो, टोकातच तापमान मोजण्याची सोय असते. साध्या मशीनमध्ये जेल लावून दांडी सतत फिरती ठेवायची आणि वरची कातडी ४०-४२ अंशांच्या पुढे जाऊ द्यायची नाही, एवढंच हातात असतं. दांडी एका जागी थांबली की उष्णता साचत जाते.

या उपचाराची एक खरी चांगली बाजू आहे आणि ती आपल्या लेखात यायला हवी होती. लेझरचे बरेच प्रकार कातडीच्या काळेपणावर, म्हणजे मेलॅनिनवर काम करतात, म्हणून सावळ्या कातडीला त्यांचा त्रास जास्त. रेडिओफ्रीक्वेन्सीचं रंगाशी देणंघेणं नसतं. त्या दृष्टीने आपल्याकडच्या गव्हाळ-सावळ्या चेहऱ्यांना ती सोयीची आहे. पण भाजलं, तर मग रंगाशी संबंध येतोच. आपल्या कातडीवर भाजल्याचा काळा डाग गोऱ्या कातडीपेक्षा ठळक उमटतो आणि कितीतरी महिने जात नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या धाकट्या जावेच्या उजव्या जबड्यावर असा डाग आहे.

जाऊ ५४ वर्षांची, प्राथमिक शाळेत शिक्षिका. दोन वर्षांपूर्वी तिला मधुमेह निघाला. डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं आणि तिने ते मनावर घेतलं. रोज पहाटे चालणं, रात्रीचा भात बंद. १४ किलो वजन उतरवलं. साखर आटोक्यात आली, गोळ्या कमी झाल्या. पण गाल ओघळले, जबड्याखाली कातडी लोंबायला लागली. ज्या बाईने एवढं कमावलं तिला लग्नकार्यात, बाजारात, शाळेत जो तो विचारू लागला, "आजारी होता का हो बाई?" कौतुकाचा शब्द नाही कुणाचा. मुलाचं लग्न वैशाखात ठरलं तेव्हा ती मला म्हणाली, "ताई, फोटोत तरी मी बरी दिसावी." तिच्या या इच्छेला कुणी नावं ठेवू नयेत. बायकांनी वयाला शोभेल असं राहावं, असं सांगणारी पत्रंही आपल्याकडे येतील. त्यांना माझं म्हणणं एवढंच की आरशात पाहून बरं वाटावं ही इच्छा पन्नाशीनंतर आपोआप मरत नाही, आणि ती मारण्याची गरजही नाही.

बाजारपेठेतल्या एका पार्लरमध्ये तिने चार सिटिंगचं पॅकेज घेतलं, १८ हजार रुपयांचं. माझ्याजवळ पावती आहे. तिच्यावर 'फेस टायटनिंग (आरएफ/हायफू)' असं लिहिलं आहे. आरएफ म्हणजे वीज आणि हायफू म्हणजे एका बिंदूवर एकवटलेल्या ध्वनिलहरी, अल्ट्रासाउंड. ही दोन वेगवेगळी मशीन, दोघांच्या सूचना वेगळ्या. पावतीवर मध्ये तिरकी रेघ मारून दोन्ही एकच करून टाकली आहेत. जावेला त्यातलं नेमकं काय केलं हे विचारलं तेव्हा ती म्हणाली, "जेल लावून गरम फिरवतात ते." तेवढ्यावरून मी ओळखलं.

पहिल्या सिटिंगला काही झालं नाही. चेहरा लाल झाला, तासाभरात उतरला. दुसरं सिटिंग हळदीच्या आठ दिवस आधी होतं. खुर्चीत बसल्यावर चेहऱ्याला बधिर करायचं क्रीम लावलं. कानातल्या कुड्या, नाकातली चमकी, गळ्यातलं मंगळसूत्र, काही काढायला सांगितलं नाही. मधुमेह आहे का, कुठली गोळी चालू आहे, विचारलं नाही. एक कागद पुढे केला, इंग्रजीत छापलेला. तिने सही केली. मशीन चालवणारी मुलगी एकवीस-बावीस वर्षांची. उजव्या जबड्यावर दांडी फिरवत असताना तिचा फोन वाजला. डाव्या हाताने फोन घेतला आणि उजवा हात आहे तिथेच राहिला. जबड्याच्या कडेला कातडीखाली लगेच हाड, मांसाची गादी नाही. जाऊ म्हणाली, "भाजतंय." मुलगी म्हणाली, "काकू, गरम लागलं म्हणजे काम होतंय." जाऊ पुन्हा म्हणाली, "भाजतंय गं." त्यावर, "दोनच मिनिटं, सहन करा, रिझल्ट छान येतो."

आणि जावेने सहन केलं. शिक्षिका आहे, दोन बाळंतपणं झालेली, अंगावर दुखणं काढायची सवय असलेली. आपल्याकडच्या बायकांना हे कुणी शिकवावं लागत नाही.

रात्री दोन फोड आले, प्रत्येक रुपयाच्या नाण्याएवढा. सकाळी कुणीतरी सांगितलं म्हणून तिने टूथपेस्ट लावली. मी तिसऱ्या दिवशी लग्नघरी पोचले तेव्हा एक फोड फुटला होता. लग्न झालं, थाटात झालं. अल्बममध्ये दोनशेच्या वर फोटो आहेत आणि वरमाय प्रत्येकात डावा गाल पुढे करून बसली आहे. एका फोटोत उजवी बाजू आली, तर पदर हनुवटीपर्यंत ओढलेला.

त्यानंतर आम्ही मिरजेला त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. मिरज हे दवाखान्यांचं गाव, तिथे आमची ओळख आहे. त्या डॉक्टरांकडेही रेडिओफ्रीक्वेन्सीचं मशीन आहे, ते स्वतः हे उपचार करतात, त्यामुळे त्यांचं बोलणं मला जास्त मोलाचं वाटलं. त्यांनी पहिल्यांदा काय करायचं नाही ते सांगितलं. मेडिकलमधून गोरेपणाचं म्हणून मिळणारं स्टिरॉइडमिश्रित क्रीम लावायचं नाही, नाहीतर कातडी पातळ होऊन दुखणं दुप्पट होईल. उन्हात जाताना सनस्क्रीन, रात्री त्यांनी लिहून दिलेलं मलम आणि धीर. सात महिने झाले. डाग काळ्याचा तपकिरी झाला आहे, गेलेला नाही.

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, ज्यामुळे मी हे पत्र लिहायला बसले. चेहऱ्याची रेडिओफ्रीक्वेन्सी नवी होती तेव्हा डॉक्टर जास्त ताकदीचा एकच फेरा देत. फार दुखायचं, म्हणून भूल किंवा गुंगी द्यावी लागे. त्या काळात काही रुग्ण भाजले, काहींची कातडीखालची चरबी वितळून गालावर खड्डे पडले. मग पद्धत बदलली. कमी ताकद, जास्त फेरे आणि प्रत्येक ठिकाणी रुग्णाला विचारत जायचं, शून्य ते चार यात किती गरम लागतंय? दोनच्या आसपास असेल तर पुढे, तीन म्हणाली तर ताकद कमी. म्हणून आता चेहरा पूर्ण बधिर करायचं टाळतात. रुग्णाला जे लागतंय तेच त्या उपचाराचं मीटर आहे. डॉक्टर म्हणाले, "मशीनमधलं थर्मामीटर कातडीच्या वर असतं. आत किती तापलंय ते फक्त खुर्चीतल्या माणसाला कळतं."

संपादक महाशय, २४ वर्षं मी झोपलेल्या माणसांची कातडी राखली. ती माणसं बोलू शकत नव्हती म्हणून आम्हाला शंभर नियम पाळावे लागत. इथे खुर्चीतली बाई जागी होती, शुद्धीवर होती, मराठीत स्पष्ट सांगत होती की भाजतंय. तिचं बोलणं हाच नियम होता. आधी क्रीम लावून तो निम्मा बंद केला आणि उरलेला 'सहन करा' म्हणून.

मी त्या मुलीला दोष देत नाही. तिला चार दिवसांचं ट्रेनिंग देऊन मशीनपुढे उभं केलं होतं, हे नंतर तिनेच सांगितलं. गरम लागणं चांगलं, एवढंच तिला शिकवलं होतं.

नंतर म्हणजे लग्नाचा पसारा आवरल्यावर जावेला घेऊन मी त्या पार्लरमध्ये गेले. उरलेल्या दोन सिटिंगचे पैसे परत मागायचे होते आणि मशीन कोणतं ते बघायचं होतं. मशीनवर कंपनीचं नाव नव्हतं, नुसता एक नंबर. काउंटरवरची मुलगी गोड बोलत होती. मला म्हणाली, "मावशी, तुम्हीपण करून घ्या ना, दोघींना मिळून सवलत आहे." मी विचारलं, मला चालेल का? म्हणाली, "सगळ्यांना चालतं." मी पदर बाजूला करून डाव्या खांद्याखालचा उंचवटा दाखवला. २०२२ पासून माझ्या छातीत पेसमेकर आहे. ती म्हणाली, "काही होत नाही मावशी, हा करंट नाही, रेडिओच्या लहरी आहेत."

माझे हात थरथरले, वयामुळे नव्हे. थिएटरमध्ये पेसमेकरचा रुग्ण आला की आदल्या दिवसापासून हृदयरोगतज्ज्ञांशी बोलणं व्हायचं. शक्यतो दोन टोकांची कॉटरी वापरायची, एका टोकाची वापरावीच लागली तर प्लेट अशा जागी की वीज छातीतून जाणार नाही, मॉनिटरवरून नजर हलवायची नाही. कारण ही वीज पेसमेकरला हृदयाचा ठोका वाटू शकते आणि ठोका आहे असं समजून तो गप्प बसू शकतो. ज्याचं हृदय त्या यंत्राच्या आधाराने चालतं त्याचं तेवढ्यात काय होईल हे मी सांगायला नको. पेसमेकर किंवा छातीत बसवलेलं शॉक देणारं यंत्र असलेल्या माणसाला चेहऱ्याची रेडिओफ्रीक्वेन्सी करायची नाही, हे जबाबदार कंपन्या आपल्या मशीनच्या पुस्तिकेतच छापतात. त्या काउंटरवर असं पुस्तक कुणी उघडलं नव्हतं. माझ्याजागी दुसरी कुणी मावशी असती, जिने थिएटर पाहिलेलं नाही, तर ती खुर्चीत बसली असती.

दोन सिटिंगचे पैसे परत मिळाले. भाजण्याबद्दल मालकीणबाईंनी सही केलेला कागद दाखवला.

आपल्या लेखात आणखी एक गोष्ट राहून गेली आहे, परिणामाची. लग्नाच्या आठ दिवस आधी हा उपचार करून फोटोत उपयोग होणारच नव्हता, कारण नवं कोलॅजन यायला महिने लागतात. लगेच दिसतो तो फरक बराचसा सुजेचा असतो. डॉक्टरांनी सांगितलं की सैलपणा थोडा किंवा मध्यम असेल तर फरक पडतो, तोही बेताचा. काहींना अजिबात पडत नाही. वर्ष-दोन वर्षांनी वय पुन्हा आपलं काम करतं. ऑपरेशन करून जेवढं होतं तेवढं याने होत नाही. आणि १४ किलो उतरल्यावर लोंबलेली कातडी? "बाईंना मी आधीच नाही म्हटलं असतं," असं ते जावेच्या तोंडावर बोलले. परत येताना एसटीत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. डागापेक्षा तिला त्याचंच जास्त वाईट वाटलं असावं.

हल्ली याच पाटीखाली बारीक सुया टोचून आतून वीज सोडण्याचा प्रकारही येतो. तो वेगळा, जास्त खोल आणि जास्त जोखमीचा. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने त्याबद्दल खास इशारा दिला. भाजणं, व्रण, चरबी विरघळणं, चेहरा विद्रूप होणं, नसांना इजा, अशा तक्रारी आल्याचं त्यात म्हटलं आहे. आपल्याकडच्या पाट्यांवर मात्र बिनसुईचं आणि सुईचं दोन्ही 'आरएफ'च. बाईने आत जाऊन विचारल्याशिवाय तिला कळणार नाही की आपल्याला काय होणार आहे.

म्हणून माझ्या वाचक मैत्रिणींना सांगते, विचारा. मशीन चालवणारा हात कुणाचा आहे आणि त्या वेळी डॉक्टर इमारतीत आहेत का, ते विचारा. डॉक्टर म्हणवणाऱ्याची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे आहे का ते तपासता येतं, त्यात कुणाला राग येण्याचं कारण नाही. मशीनचं आणि कंपनीचं नाव लिहून मागा. १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशात सगळी वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याखाली आली आहेत. बिननावाच्या खोक्याला चेहरा देऊ नका. एका टोकाचं मशीन असेल तर पाठीवरची पॅड पूर्ण चिकटली आहे का, कडा उचललेली नाही ना, हे हात लावून बघायला सांगा. चमकी, कुड्या, मंगळसूत्र काढा. जबड्याला कधी फ्रॅक्चर होऊन धातूची पट्टी बसवली असेल, गाल भरून दिसावेत म्हणून सुईने फिलर भरलं असेल, मधुमेह असेल, दिवस गेलेले असतील, विचारलं नाही तरी सांगा. कागद मराठीत मागा, नाहीतर घरी आणून मुलांकडून वाचून घ्या. भाजलं तर गार पाण्याची धार धरा, टूथपेस्ट लावू नका, त्याच दिवशी त्वचारोगतज्ज्ञांकडे जा आणि पावती जपून ठेवा. सही केली म्हणून हक्क संपत नाही. जिल्हा ग्राहक आयोग आहे, १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे.

आणि हात थांबत नसेल तर आपण आपल्या हाताने ती दांडी बाजूला करा. पैसे बुडाले तर बुडाले.

आपल्यालाही विनंती आहे. हा लेख आणि खालची जाहिरात एकाच दिवशी, एकाच पानावर आली. तो लेख जाहिरातीचाच भाग असेल तर तसं मोठ्या अक्षरांत छापायला हवं होतं, कारण आमच्याकडे पेपरात आलं म्हणजे खरं असं मानणारी घरं अजून आहेत. माझी जाऊ अशाच घरातली आहे. तिनेही त्या पार्लरची माहिती एका पुरवणीतूनच कापून ठेवली होती. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी तरतूद आहे, पण आपण कायद्याच्या भीतीने काही करावं असं मला वाटत नाही. येत्या रविवारी त्याच जागेवर, तेवढ्याच आकारात, पेसमेकर असलेल्यांनी हा उपचार करू नये आणि भाजल्यासारखं वाटताच थांबवायला सांगावं, एवढ्या दोन ओळी छापा. त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेकडून तपासून घ्यायचं असेल तर जरूर घ्या.

पत्र टपालात टाकण्याआधी जावेला वाचून दाखवलं, तिची परवानगी हवी होती. तिने सगळं शांतपणे ऐकलं. नाव देऊ नका म्हणाली, म्हणून माझंही देत नाही. मग मला तो सिटिंगचा भाग पुन्हा वाचायला लावला आणि म्हणाली, "ताई, दोनदा नाही. तीनदा म्हटलं होतं मी. तिसऱ्यांदा फार हळू म्हटलं, तिला ऐकू गेलं नसेल, पण म्हटलं होतं. तेवढं लिहा."

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
सांगली जिल्हा